राणीला क्लोरोफॉर्म सिम्प्सननी दिला नव्हता, मग त्यांनी केलं काय?

एडिंबरोचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांच्याबद्दलच्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्मची भूल देणारे डॉक्टर तेच का? बाळाचं डोकं धरून ओढायचा, लेबर रूममधला 'सिम्प्सन' चिमटा त्यांचाच का? आणि भूल बाजूला ठेवली तर प्रसूतिशास्त्रात त्यांचं स्वतःचं असं काय आहे? पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. तिसऱ्याला मात्र वेळ द्यावा लागेल, कारण क्लोरोफॉर्मच्या गोष्टीखाली हा माणूस पुरता झाकला गेला आहे.

राणीचं आधी सांगतो. ७ एप्रिल १८५३ रोजी राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी क्लोरोफॉर्म दिला तो लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी. प्रसूतितज्ज्ञ होते चार्ल्स लोकॉक. गैरसमज होतो तो पदामुळे. १८४७ साली सिम्प्सन यांची स्कॉटलंडमधले राणीचे वैद्य म्हणून नेमणूक झाली होती. पण ती स्कॉटलंडपुरती होती आणि राणीचं हे बाळंतपण लंडनला झालं.

सिम्प्सन जन्मले ७ जून १८११ रोजी, एडिंबरोजवळच्या बाथगेट गावात. वडिलांची बेकरी होती. चौदाव्या वर्षी एडिंबरो विद्यापीठात, अठराव्या वर्षी सर्जन्स कॉलेजचा परवाना, १८३२ मध्ये एम. डी. पुढे विकृतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या हाताखाली काम. १८४० मध्ये प्रसूतिशास्त्राचं प्राध्यापकपद रिकामं झालं. तेव्हा हे पद नगरपरिषदेच्या मतांवर ठरायचं. सिम्प्सन अठ्ठावीस वर्षांचे. वय लहान आणि लग्न झालेलं नाही, हे दोन आक्षेप आडवे येत होते. दुसऱ्यावर त्यांनी लगेच उपाय केला: २६ डिसेंबर १८३९ रोजी लिव्हरपूलच्या जेसी ग्रिंडले यांच्याशी लग्न. ४ फेब्रुवारी १८४० रोजी १७ विरुद्ध १६ मतांनी, म्हणजे एका मताने, ते निवडून आले.

त्या काळी बाई अडली म्हणजे काय व्हायचं, ते समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. धुराने काळवंडलेल्या शहरांत ऊन मिळत नसे, त्यात खाणं निकस. मुलींना मूडदूस व्हायचा आणि वाढत्या वयात कमरेचं हाड, म्हणजे पेल्व्हिस, चपटं पडायचं. पेल्व्हिसच्या वरच्या तोंडाचं पुढून मागचं अंतर साधारण ११ सेंटीमीटर असतं. दिवस भरलेल्या बाळाच्या डोक्याची रुंदी साडेनऊ. मूडदुसात हे अंतर आठ किंवा त्याहून कमी झालं की डोकं वरच अडकून राहतं. सिझेरियन म्हणजे आईचा मृत्यू जवळजवळ ठरलेला. उरायचे तीन मार्ग: लांब चिमट्याने ओढणं, हात आत घालून बाळ फिरवून पायाकडून काढणं, नाहीतर डोकं फोडून ते तुकड्यांनी बाहेर काढणं. तिसरा मार्ग क्वचित वापरला जायचा असं अजिबात नाही. आणि हे सगळं बाई पूर्ण शुद्धीवर असताना.

सिम्प्सन यांचा कल दुसऱ्या मार्गाकडे होता. बाळाच्या डोक्याचा तळ अरुंद आणि वरचा भाग रुंद. पायाकडून ओढलं तर अरुंद बाजू आधी आत शिरते आणि मागून येणारं रुंद डोकं पाचरीसारखं दबत उतरतं, असा त्यांचा युक्तिवाद. अडचण अशी की त्यासाठी कोपरापर्यंत हात गर्भाशयात घालावा लागतो. कळ आली की पिशवी हातावर आवळते, बोटं बधिर होतात, आणि बाईच्या वेदनेला तर सीमाच नसते. घाई केली की पिशवी फाटते.

म्हणून १९ जानेवारी १८४७ रोजी त्यांनी बाळंतपणात पहिल्यांदा ईथर हे भुलेचं द्रव्य वापरलं ते अशाच केसमध्ये. पेल्व्हिस अरुंद, बाळ फिरवणं भाग. बॉस्टनमध्ये दंतवैद्य मॉर्टननी ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक केलं होतं १६ ऑक्टोबर १८४६ला. म्हणजे मध्ये फक्त तीन महिने गेले होते. बाळ जगलं नाही. पण त्या दिवशी सिम्प्सननी जे टिपलं ते माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम: बाई बेशुद्ध होती, तिला काही जाणवत नव्हतं, तरीही गर्भाशयाच्या कळा चालूच होत्या. तोपर्यंत कळ आणि वेदना ही एकच गोष्ट मानली जायची. आपल्या भाषेतही 'कळ' म्हणजे दुखणं आणि 'कळ' म्हणजे पिशवीचं आकुंचन, शब्द एकच. दुखणं थांबवलं तर बाळंतपणच थांबेल ही भीती खोटी असल्याचं त्या एका केसने दाखवलं. आज एपिड्युरल, म्हणजे पाठीतून वेदनाशामक औषध, देताना ज्या पायावर आपण उभे असतो, तो पाया हाच.

ईथरच्या तक्रारी बऱ्याच होत्या. भरपूर लागतं, वास उग्र, खोकला येतो. मुख्य म्हणजे ते पेट घेतं. बाळंतिणीच्या खोलीत मेणबत्त्या आणि शेकोटी असायचीच. म्हणून दुसऱ्या द्रवाचा शोध सुरू झाला. क्लोरोफॉर्म १८३१ पासून रसायनशास्त्रज्ञांना माहीत होतं. ते वापरून बघा असं सुचवलं लिव्हरपूलचे औषधरसायनज्ञ डेव्हिड वॉल्डी यांनी. ४ नोव्हेंबर १८४७च्या रात्री ५२ क्वीन स्ट्रीटवरच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी, सिम्प्सन आणि त्यांचे सहायक जॉर्ज कीथ व मॅथ्यूज डंकन यांनी ते स्वतः हुंगलं आणि तिघेही टेबलाखाली गेले. वॉल्डींच्या वाट्याला सिम्प्सन यांच्या पत्रकात जेमतेम एक उल्लेख आला, आणि हा अन्याय होता असंच म्हणावं लागेल. वॉल्डी १८५३ मध्ये कलकत्त्याला गेले, तिथे रसायनांचा कारखाना काढला आणि भारतातच वारले.

आता क्लोरोफॉर्म दिलेल्या पहिल्या बाळंतपणाची नोंद नीट बघा, कारण त्यात प्रमाणं दिलेली आहेत. तारीख ८ नोव्हेंबर, त्या रात्रीनंतर चारच दिवस. बाईचं हे दुसरं बाळंतपण. पहिल्या खेपेला तीन दिवस अडून शेवटी बाळाचं डोकं फोडावं लागलं होतं. या वेळी दिवस भरायच्या पंधरवडाभर आधीच कळा सुरू झाल्या. साडेतीन तासांनी, पिशवीचं तोंड पुरतं उघडण्याआधीच, सिम्प्सननी हातरुमालाचा नरसाळ्यासारखा कोन केला, त्यात अर्धा चमचा क्लोरोफॉर्म ओतलं आणि कोनाची रुंद बाजू तिच्या नाकातोंडावर धरली. दहा-बारा मिनिटांत ते उडून गेलं, तेव्हा पुन्हा ओतलं. सुरुवातीपासून साधारण पंचवीस मिनिटांत मूल जन्मलं. मूल रडलं तरी आईला जाग आली नाही. वार पडली, दाईने बाळ दुसऱ्या खोलीत नेलं, मग ती जागी झाली आणि म्हणाली की छान झोप लागली, आता पुढच्या कामाला बळ येईल. बाळ समोर आणलं तेव्हा हे आपलंच, जिवंत मूल आहे हे तिला पटवणं अवघड गेलं. पहिल्या खेपेला तिच्यावर काय गुदरलं होतं ते लक्षात घेऊन हे वाक्य वाचा.

त्या मुलीचं नाव 'ॲनेस्थेशिया' ठेवलं, ही गोष्ट जुन्या चरित्रांत आणि आपल्याकडच्या लेखांत सर्रास येते. ती खरी नाही. मुलीचं नाव विल्हेल्मिना. तसंच चर्चने एकमुखाने विरोध केला हेही फुगवून सांगितलं जातं. सिम्प्सननी डिसेंबर १८४७ मध्ये धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारं पत्रक काढलं हे खरं. 'तू वेदनेने मुलं प्रसवशील' या बायबलमधल्या वचनातल्या हिब्रू शब्दाचा अर्थ कष्ट असा आहे, आणि आदामाची फासळी काढण्याआधी देवाने त्याला गाढ झोप आणली होतीच, हे त्यांचे मुद्दे. पण नेटाने विरोध केला तो डॉक्टरांनी. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स मेग्स यांचं म्हणणं असं की कळांचं दुखणं नैसर्गिक आहे आणि त्यावरूनच चिमटा कुठे लागतो आहे ते डॉक्टरला कळतं. आज आपल्याला ते चुकीचं वाटतं. पण भुलेत आईकडून सूचना मिळत नाही, म्हणून हात अधिक सावध हवा, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

सिम्प्सन यांची खरी चूक मात्रेत होती. खोलीच्या तापमानाला क्लोरोफॉर्मच्या संपृक्त वाफेचं हवेतलं प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. जॉन स्नो यांनी प्राण्यांवर प्रयोग करून चार-पाच टक्क्यांवर जायचं नाही हे ठरवलं आणि त्यासाठी मोजून देणारी उपकरणं बनवली. सिम्प्सननी उपकरणं नाकारली. रुमाल पुरे, आणि शस्त्रक्रियेत तर भरपूर मात्रा झटपट द्यावी, असं ते शिकवत. रुमालात किती हवा मिसळते हे हाताच्या सवयीवर. घट्ट धरला तर वाफ दाट आणि प्राणवायू कमी. राणीला स्नोंनीही रुमालावरच दिलं, पण कसं ते बघा: दर कळेला सुमारे १५ मिनिम, म्हणजे एक मिलिलीटरपेक्षा थोडं कमी, कळ ओसरली की रुमाल बाजूला. असं ५३ मिनिटं. राणी एकदाही बेशुद्ध झाली नाही. दुखणं बोथट करणं आणि भूल देणं यातला हा फरक स्नोंना नेमका कळला होता.

२८ जानेवारी १८४८ रोजी, क्लोरोफॉर्मला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना दोन-तीन मिनिटांत गेली. सिम्प्सननी दोष दिला तो तिला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात ओतलेल्या पाणी-ब्रँडीला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नये हे त्यांचं म्हणणं योग्यच; पण मृत्यूचं कारण म्हणून ते पटत नाही. हा वाद पुढे साठ वर्षं चालला. १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला निजामाच्या खर्चाने क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. ते चालवणारे एडवर्ड लॉरी एडिंबरोचे, तिथले सर्जन जेम्स साइम यांचे विद्यार्थी. श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको, असा त्यांचा निष्कर्ष. तो चुकीचा होता. १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखवलं की भूल अर्धवट असताना भीतीने किंवा इजेने रक्तात ॲड्रेनलिन वाढलं, तर क्लोरोफॉर्मने नाजूक केलेलं हृदय लयबद्ध ठोके सोडून नुसतं थरथरतं आणि थांबतं. घाबरलेली मुलगी, हलकी भूल आणि लगेच लावलेलं पातं: हॅना ग्रीनरच्या बाबतीत तिन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या. बाळंतपणात शेवटच्या टप्प्यात थोडं-थोडं दिलं तर मृत्यू कमी व्हायचे. पण खोल भूल दिली की पिशवी सैल पडते, वार सुटल्यावर ती आवळत नाही आणि रक्तस्राव होतो. शिवाय एक-दोन दिवसांनी यकृताला इजा झाल्याचं दिसू शकतं. या कारणांनी क्लोरोफॉर्म वापरातून गेलं आणि जायलाच हवं होतं.

आता चिमटा. १८४८ मध्ये सिम्प्सननी मांडलेला लांब चिमटा आजही जवळजवळ त्याच रूपात ट्रेमध्ये असतो, आणि नावाचा खरा मान तिथे आहे. चार भाग: पाती, दांडे, कुलूप (दोन्ही बाजू एकमेकींत अडकतात तो सांधा), मुठी. पात्यांना खिडकी असते, त्यामुळे पकड येते आणि वजन कमी होतं. पात्याला दोन वळणं: एक बाळाच्या डोक्याला बसणारं, दुसरं आईच्या पेल्व्हिसच्या वाकणाला. सिम्प्सनमध्ये डोक्याचं वळण लांबट आणि दांडे एकमेकांपासून दूर, समांतर. का? कारण पहिलटकरीण तासन्‌तास कळा देते तेव्हा बाळाचं डोकं दबून लांबुळकं होतं. गोल डोक्यासाठी केलेली पाती त्यावर नीट बसत नाहीत. सिम्प्सनची बसतात. उलट डोकं गोलच असेल, तर दांडे चिकटलेले दुसरे चिमटे बरे. दांडे दूर असल्याने योनीमुख मात्र जास्त ताणलं जातं, हे विसरू नये.

लावायची पद्धत: आधी पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं, पाणी गेलेलं, मूत्राशय रिकामं, डोकं खाली बसलेलं आणि त्याची दिशा टाळूवरून नक्की केलेली. डोक्यावर सूज असेल तर टाळू सापडत नाही, तेव्हा कानामागे बोट न्यावं. डावं पातं आधी: डाव्या हातात पेनासारखं हलकं धरून आईच्या डाव्या बाजूला, उजव्या हाताची बोटं आत ठेवून त्यांच्या आडोशाने. मग उजवं पातं वरून. हे इंग्लिश कुलूप. उजवं आधी घातलं तर नंतर मुठी ओलांडाव्या लागतात. कुलूप आपोआप बसलं पाहिजे. बसत नसेल तर दाबून बसवू नका. पाती डोक्यावर तिरकी आहेत किंवा दिशा चुकीची ओळखली आहे. काढा, पुन्हा तपासा. ओढणं कळेबरोबरच, आधी खाली, डोकं जघनास्थीखालून निसटलं की वर. तीन कळांत डोकं सरकलं नाही तर थांबायचं. चुकीच्या पकडीने बाळाच्या चेहऱ्याची नस दाबली जाते आणि तोंड वाकडं होतं. बहुधा काही आठवड्यांत ते सुधारतं. घाईने वर उचललं तर आईची फाट गुदद्वारापर्यंत जाते. डोकं फिरवण्यासाठी हा चिमटा नव्हे. पेल्व्हिसच्या वळणामुळे मुठी जागच्या जागी फिरवल्या तर पात्यांची टोकं मोठं वर्तुळ काढतात आणि योनी फाडतात.

व्हॅक्यूमने, म्हणजे डोक्याला वाटी चिकटवून, बाळ ओढायचाही प्रयत्न त्यांनी केला. १८४९ मध्ये त्यांनी पिचकारीचा दट्ट्या आणि वाटी जोडून 'एअर ट्रॅक्टर' केला. तो चालला नाही, कारण वाटीच्या कडेने हवा शिरे आणि ओढताच ती सुटून येई. कल्पना मार्गी लागली ती स्वीडनच्या माल्मस्ट्रॉम यांच्या धातूच्या वाटीने, शंभर वर्षांनंतर. गर्भाशयाची लांबी मोजायची सळई, युटेराइन साउंड, १८४३ची. तिच्यावर अडीच इंचांवर एक फुगवटा आहे. नेहमीच्या पिशवीची लांबी तिथपर्यंत, त्याच्या फार पुढे सळई गेली तर पिशवी मोठी आहे किंवा तुम्ही ती भोसकली आहे. सळई घालण्याआधी दिवस राहिलेत का हे बघणं तेव्हाही सक्तीचं, आजही.

आता ज्या गोष्टीची चुटपुट लागते ती. १८४७ च्या मे महिन्यात व्हिएन्नात सेमेलवाइसनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराचे मृत्यू घटवले. म्हणजे ईथर जानेवारीत, हात धुणं मेमध्ये, क्लोरोफॉर्म नोव्हेंबरात. सुरक्षित बाळंतपणाचे दोन्ही निम्मे एकाच वर्षी हाती आले. सिम्प्सन याच्या फार जवळ पोचले होते. १८५०च्या लेखात त्यांनी बाळंतज्वर आणि शस्त्रक्रियेनंतरचा ताप यांची तुलना केली. वार सुटली की गर्भाशयाच्या आत उघडी जखमच राहते, जशी पाय कापल्यावर राहते, आणि तपासणाऱ्याच्या बोटांवरून विष तिथे पोचतं. हे अगदी बरोबर. पण ब्रिटनमध्ये हा ताप संसर्गजन्य आहे हे आधीच माहीत होतं, या समजुतीने सेमेलवाइसच्या कामाचं नवेपण त्यांना दिसलं नाही. १८६७ मध्ये सर्जन लिस्टरनी जखमांसाठी जंतुनाशक कार्बोलिक ॲसिड आणलं तेव्हाही सिम्प्सननी, हे तर फ्रान्सच्या लमेर यांनी आधीच केलंय, असा आक्षेप घेतला. त्यामागे भाऊबंदकीसारखं वैरही होतं: लिस्टर हे साइम यांचे जावई, आणि सिम्प्सननी रक्तवाहिन्या दोऱ्याऐवजी सुईने दाबून बंद करायची पद्धत काढली तेव्हा साइमनी त्यांचं पत्रक विद्यार्थ्यांसमोर फाडलं होतं.

तरीही रोगाची जागा त्यांनी आकड्यांनी दाखवली. खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून अवयव कापण्याच्या शस्त्रक्रियांचे निकाल मागवले. १८६९ मध्ये मांडलेले आकडे असे: खेड्यांत घरी केलेल्या २०९८ शस्त्रक्रियांत २२६ मृत्यू, म्हणजे १०.८ टक्के, मोठ्या रुग्णालयांत २०८९ मध्ये ८५५, म्हणजे ४१ टक्के. उपाय म्हणून त्यांनी सुचवलं की अवाढव्य इमारती सोडून लोखंडी पत्र्यांच्या लहान झोपड्या बांधाव्यात आणि ठरावीक काळाने त्या बदलाव्यात. इमारत बदलायची ठरली, पण हात तेच राहिले. तुलनेवर आक्षेपही आले, आणि काही रास्त होते: गिरणीच्या यंत्रात चिरडलेला पाय आणि शेतकऱ्याचा सडलेला पाय एकाच रांगेत बसत नाहीत. पण चार पट फरक तेवढ्याने पुसला जात नाही.

१८६६ मध्ये ते बॅरोनेट झाले, म्हणजे त्यांना वंशपरंपरेचा ब्रिटिश किताब मिळाला. मानचिन्हावरचं लॅटिन ब्रीद 'वेदना जिंकली'. ६ मे १८७० रोजी हृदयविकाराने अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा मान कुटुंबाने नाकारला आणि एडिंबरोच्या वॉरिस्टन दफनभूमीत नेलं.

मुंबईशी धागा जुळतो तो त्यांच्या शेवटच्या वर्षात. १८५४ मध्ये त्यांनी एमिली ब्लॅकवेल यांना आपल्याकडे शिकू दिलं होतं. १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक एडिंबरोत प्रवेश मागायला आल्या तेव्हा सिम्प्सननी उघड पाठिंबा दिला. त्या पहिल्या सात विद्यार्थिनींपैकी एक एडिथ पीची. सिम्प्सन गेल्यावर सहा महिन्यांनी, नोव्हेंबर १८७० मध्ये, परीक्षेला निघालेल्या या मुलींवर सर्जन्स हॉलच्या दारात चिखल फेकला गेला. एडिंबरोने त्यांना पदवी दिलीच नाही. पीची १८८३ मध्ये मुंबईला आल्या, १८८६ मध्ये सुरू झालेलं कामा हॉस्पिटल त्यांनी चालवलं, आणि रखमाबाईंना वैद्यक शिकायला लंडनला जाण्याचं बळ देणाऱ्यांत त्या होत्या.